जुन्या नाण्यांची ग्रेड आणि फोटो: गोव्यातील संग्राहक वारंवार विचारतात ते प्रश्न

म्हापसा, फोंडा, मडगाव, डिचोली, निरोप कुठूनही येवो, त्यात दोन गोष्टी हमखास असतात: नाण्याचा एक अंधुक फोटो आणि ‘याची ग्रेड काय?’ हा प्रश्न. त्या फोटोवरून बहुतेकदा काहीच सांगता येत नाही, म्हणून ग्रेड आणि फोटो हे दोन्ही विषय इथे एकत्र घेतले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. जे एकदा सांगून झाले आहे त्यासाठी त्या क्रमांकाचा हवाला दिला आहे.

१. आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज काळातली नाणी सापडली. सर्वांत आधी काय करू?

धुऊ नका, पुसू नका, सदऱ्याला घासू तर मुळीच नका. टेबलावर मऊ टॉवेल पसरा, म्हणजे नाणे हातातून सुटले तरी आपटणार नाही. नाणे अंगठा आणि तर्जनीत कडेने धरा. छापावर बोट टेकले की घामातले मीठ धातूवर बसते, आणि तांब्यावर काही आठवड्यांत त्या बोटाचा तपकिरी ठसा उमटतो. तो नंतर निघत नाही. सोबत एखादी चिठ्ठी, पुरचुंडी किंवा जुने पाकीट असेल तर तेही जपून ठेवा. मग नाणी आहेत त्याच अवस्थेत दोन्ही बाजूंनी फोटो काढा (प्रश्न ९). पुढे काहीही करायचे ठरवलेत तरी मूळ अवस्थेची नोंद हाताशी राहते.

२. रुपिया, तांगा, रेईस, एस्कुदो... यातले कोणते नाणे कुठल्या काळातले?

१८७१ पासूनचा हिशोब सोपा आहे: ६० रेईसचा एक तांगा आणि १६ तांग्यांची एक रुपिया. त्याआधी शेराफिम आणि पार्दावही चालत, आणि नाणी गोव्याच्याच टांकसाळीत पडत. १८८१-८२ च्या, पोर्तुगालचा राजा दों लुईस पहिला याच्या रुपिया ब्रिटिश हिंदुस्थानातल्या टांकसाळीत पाडल्या गेल्या, म्हणून त्या वजनाला आणि घडणीला ब्रिटिश रुपयासारख्या आहेत: ११.६६ ग्रॅम, ९१७ कसाची (हजारात ९१७ भाग शुद्ध) चांदी. पुढे दों कार्लुस पहिल्याची १९०१ आणि १९०३ ची तांब्याची नाणी येतात. घरोघरी सापडतात ती बहुधा हीच. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि १९१२ च्या रुपियावरून राजा गेला. १९५८-५९ मध्ये एस्कुदो आणि सेंताव्हो आले. सहा एस्कुदो म्हणजे एक रुपिया. ही शेवटची मालिका. १९ डिसेंबर १९६१ नंतर या सगळ्याच नाण्यांचे चलन संपले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. १९३५, १९४७ आणि १९५२ अशा तीन सालांच्या रुपिया दिसायला जवळजवळ सारख्या वाटतात. पण पहिली ९१७ कसाची, दुसरी ५०० कसाची, आणि तिसरीत चांदीचा कणही नाही, ती तांबे-निकेलची आहे. ‘चांदीची पोर्तुगीज रुपिया’ म्हणून कोणी देऊ करत असेल तर आधी साल वाचा.

३. ग्रेड म्हणजे नक्की काय? एफ, व्हीएफ, एमएस-६३ हे कसे वाचायचे?

टांकसाळीतून बाहेर पडल्यापासून नाणे किती झिजले, याचा अंदाज म्हणजे ग्रेड. नाणे किती दुर्मीळ आहे याच्याशी ग्रेडचा संबंध नाही. अतिशय दुर्मीळ नाणेही खालच्या ग्रेडचे असू शकते. आपल्याकडे चालतात ते शब्द खालून वर असे: गुड, व्हेरी गुड, फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रा फाईन, अबाउट अनसर्क्युलेटेड आणि अनसर्क्युलेटेड. यातल्या ‘गुड’ला फसू नका. गुड म्हणजे जेमतेम ओळखू येणारे नाणे.

आकड्यांची पद्धत विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी मांडली. तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली. १ ते ७० अशी ही पट्टी आहे. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी येतात आणि त्यांच्या आकड्याआधी ‘एमएस’ (मिंट स्टेट, म्हणजे टांकसाळीतून आले तसे) लागते. सुरुवात करणाऱ्याने आकड्यांच्या मागे लागू नये. ६२ आणि ६४ यांतला फरक ओळखायला शेकडो नाणी डोळ्यांखालून जावी लागतात. फाईन आणि व्हेरी फाईन यांतला फरक मात्र एका दुपारी शिकता येतो.

४. घरच्या घरी ग्रेड ठरवताना नाण्यावर कुठे बघायचे?

जो भाग सर्वांत उंच असतो तो सर्वांत आधी झिजतो. प्रत्येक नाण्याचे असे उंचवटे ठरलेले असतात आणि ते पाठ करून ठेवायचे असतात.

दों लुईसची रुपिया घ्या. चेहऱ्याच्या बाजूला कानावरचे केस, भुवई आणि मिशी हे तीन उंचवटे पाहा. केसांची एकेक बट सुटी दिसत असेल आणि फक्त कानावर किंचित सपाटपणा असेल तर एक्स्ट्रा फाईन. निम्म्या बटा एकमेकींत मिसळल्या असतील तर व्हेरी फाईन. केसांचा नुसता पुंजका उरला आणि कानाची बाहेरची रेषा तेवढी शाबूत असेल तर फाईन.

आता नाणे उलटवा. पोर्तुगालच्या राजचिन्हात मधोमध पाच छोट्या ढाली असतात, प्रत्येक ढालीत पाच ठिपके, आणि भोवती सात किल्ले. माझ्या मते या नाण्यांची ग्रेड ठरवण्याची सर्वांत भरवशाची जागा हीच. मधल्या ढालीतले ठिपके पाचच्या पाच वेगळे मोजता आले तर नाणे चांगले. दोन-तीन एकमेकांत वितळल्यासारखे दिसले तर ग्रेड खाली आणा. किल्ल्यांचे बुरूज पुसून नुसते चौकोन उरले असतील तर आणखी खाली. राजाच्या काळातल्या नाण्यांवर मुकुटाच्या कमानींवरचे मणीही असेच तपासा.

साधने मोजकी पुरतात: पाचपट भिंग, एकच दिवा आणि काळोखी खोली. नाणे दिव्याखाली हळूहळू तिरके करत फिरवा. दहापट भिंग डाग आणि बनावटपणा तपासायला उपयोगी आहे, पण ग्रेड ठरवताना त्यातून प्रत्येक ओरखडा दरीएवढा दिसतो आणि चांगले नाणेही विनाकारण खाली जाते. दोन्ही बाजूंची ग्रेड वेगळी आली तर दोन्ही लिहा.

५. नाणे नवे कोरे वाटते, पण मधला भाग सपाट आहे. ही झीज की ठसाच कच्चा बसला?

झळाळी बघा. झिजलेल्या जागेचा रंग आणि चमक आजूबाजूपेक्षा वेगळी होते: चांदी तिथे करडी, मंद दिसते आणि तांबे गडद होते. ठसा कच्चा बसलेला असेल तर त्या सपाट भागावरही बाकी नाण्याइतकीच झळाळी असते, कारण त्याला कधी काही घासलेलेच नसते. कच्च्या ठशाचे नाणे ‘अनसर्क्युलेटेड’ असू शकते. किंमत मात्र पूर्ण ठसा उठलेल्या नाण्याची मागू नका.

६. नाणी काळी पडली आहेत. चिंच किंवा कोकम लावून घासली तर चालतील का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि नाण्यांचे सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते, म्हणून सविस्तर सांगतो.

आपल्या घरात तांब्याची कळशी आणि पितळेची समई चिंचेने किंवा सोलांनी लख्ख होते. भांड्याला ते चालते, कारण भांडे उद्या पुन्हा काळवंडले तर पुन्हा घासता येते. नाण्याचा वरचा थर मात्र एकदाच मिळतो. शंभर वर्षांत तांब्यावर चढलेला चॉकलेटी थर धातूचाच भाग झालेला असतो आणि खालच्या तांब्याचे रक्षण करतो. आम्लाने तो खरवडला जातो. चिंचेतून निघालेले नाणे गुलाबी-नारिंगी दिसते. तो रंग टांकसाळीतून आलेल्या तांब्याचा नसतो, आणि सवय असलेल्या डोळ्याला हातभर अंतरावरूनही तो कळतो. त्यावर राख, रांगोळी किंवा टूथपेस्ट चोळली असेल तर एकाच दिशेचे बारीक ओरखडे उठतात. नाणे प्रकाशात फिरवले की ते केसांसारखे चमकतात.

परदेशी ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्यावर आकडा घालत नाहीत. ‘झिजेनुसार एवढे, पण साफ केलेले’ अशी नोंद करतात, आणि खरेदीदार त्या नोंदीचे पैसे कापतो. चांदीचेही तसेच. चांदी उजळणारी बाजारातली द्रावणे काळेपणासोबत चांदीचा वरचा थरही नेतात आणि उरते ती निर्जीव पांढरी चकती. काळी पडलेली रुपिया काळीच विका. घेणाऱ्याला तीच हवी असते.

७. मग काहीच करायचे नाही का? हिरवे दिसते त्याचे काय?

हिरव्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

हिरवा थर घट्ट, गुळगुळीत आणि नखाने न निघणारा असेल तर तो स्थिर आहे. त्याला हात लावू नका. नाणे जुन्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये होते आणि हिरवा चिकट लेप दिसतोय, तर तो पीव्हीसीमधून आलेला आहे. हा एकच लेप घरी काढावा: शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणे काही मिनिटे त्यात बुडवायचे, न घासता बाहेर काढायचे आणि वाऱ्यावर वाळू द्यायचे. ॲसिटोन धातूला इजा करत नाही, पण ते पटकन पेट घेते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ शेगडी किंवा समई नको. नखांच्या रंगाचा रिमूव्हर वापरू नका, त्यात रंग, सुगंध आणि तेल मिसळलेले असते.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट: फिकट हिरवी, भुसभुशीत पूड, जी झटकली तरी काही दिवसांत त्याच जागी पुन्हा येते. खाऱ्या हवेतले क्लोराइड तांब्यात शिरल्याचे हे लक्षण आहे. दमट हवेत ते धातूला आतून खात जाते. असे नाणे लगेच बाकीच्यांपासून वेगळे करा, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि संवर्धनाचे काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

खोबरेल तेलाबद्दलही विचारतात. लावू नका. तेलावर धूळ बसते, ते खवट होते, आणि त्यातली आम्लेच तांब्यावर नवा हिरवा थर चढवतात.

८. पावसाळ्यात नाणी कशी ठेवायची?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीही घामेजतात. किनाऱ्याजवळ राहत असाल तर वर हवेत मीठ असते. पीव्हीसी नसलेल्या मायलरच्या पाकिटात किंवा कडक कॅप्सूलमध्ये एकेक नाणे ठेवा, ती हवाबंद डब्यात भरा आणि सोबत सिलिका जेल टाका. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा वापरा. डबा शयनगृहाच्या आतल्या भिंतीला लागून ठेवा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापासून लांब. लाकडी खण, वर्तमानपत्र, रबरबँड आणि डांबरगोळ्या यांपासून नाणी दूर राहिलेली बरी. लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. डबा पावसाच्या झडीत उघडू नका, कोरडे ऊन पडेल त्या दिवशी उघडा.

९. मोबाईलने चांगला फोटो कसा काढायचा?

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. गरज आहे ती तीन गोष्टींची: मोबाईल हलू नये, नाण्याला समांतर असावा आणि प्रकाश वरून यावा.

मोबाईल पुस्तकांच्या दोन ढिगांवर आडवा ठेवा, लेन्स मधल्या फटीतून खाली बघेल असा. नाणे त्याखाली. नवे मोबाईल फार जवळ नेले की आपोआप रुंद कोनाच्या लेन्सवर जातात आणि गोल नाणे लंबगोल दिसू लागते. म्हणून वीसेक सेंटिमीटर अंतर ठेवा आणि दुप्पट झूम करा. नाण्यावर बोट टेकवून फोकस पक्का करा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा हादरा फोटोत येत नाही. पार्श्वभूमी साध्या राखाडी कागदाची असू द्या. नक्षीची चादर, हाताचा तळवा, देवघरातले लाल कापड नको.

प्रकाश घड्याळात १० आणि २ वाजतात त्या दिशांनी आला पाहिजे. खालून आला तर डोळा फसतो आणि उठावदार चेहरा खोलगट दिसतो. थेट फ्लॅश कधीच नको. टेबललॅम्पपुढे ट्रेसिंग पेपर धरला की प्रकाश मऊ होतो. आणि ज्यांच्या जुन्या घरात अजून शिंपल्यांच्या खिडक्या शिल्लक आहेत त्यांनी दिवा लावूच नये. सकाळी दहाच्या सुमारास त्या शिंपल्यांतून गाळून येणारा उजेड इतका सम असतो की कार्लुसच्या तांब्यावरचा चॉकलेटी रंग जसाच्या तसा येतो. खिडकी नाण्याच्या वरच्या बाजूला राहील असे बसा.

दोन्ही बाजूंचे फोटो एकाच अंतरावरून आणि एकाच प्रकाशात काढा. तिसरा फोटो कडेचा काढा. बनावट नाण्याचा जोड बहुतेकदा कडेवरच दिसतो (प्रश्न १५).

१०. चांदीचे नाणे फोटोत पांढरेफटक येते आणि तांब्याचे काळे. काय चुकते?

मोबाईल सगळ्या चित्राची सरासरी धरून उजेड ठरवतो. काळ्या कापडावर चांदीचे नाणे ठेवले की त्याला सगळेच अंधारलेले वाटते, मग तो उजेड वाढवतो आणि चांदी जळून जाते. पांढऱ्या कागदावरच्या तांब्याचे उलट होते. नाण्यावर बोट दाबून धरा आणि सरकपट्टीने उजेड हाताने कमी-जास्त करा. चांदीसाठी थोडा अंधार राहिलेला बरा. जळून पांढरा झालेला भाग नंतर कशानेही परत आणता येत नाही. खोलीत पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड एकाच वेळी ठेवू नका, तांब्याचा रंग खोटा येतो.

११. प्रत्यक्षात नाणे झळझळते, फोटोत मात्र मेलेले दिसते. झळाळी कशी पकडू?

मऊ प्रकाशात झळाळी दबते. एक दिवा काढून टाका आणि उरलेला जरा उंच, जवळजवळ नाण्याच्या डोक्यावर आणा. तरीही येत नसेल तर साधी स्वच्छ काच नाण्यावर ४५ अंशांत तिरकी धरा आणि दिवा बाजूने आडवा लावा. काच थोडा उजेड सरळ खाली नाण्यावर पाडते आणि कॅमेरा त्याच काचेतून बघतो. आरशासारख्या गुळगुळीत नाण्यांसाठी ही पद्धत फार उपयोगी आहे, पण तिच्यात ओरखडे लपतात. म्हणून विकायच्या नाण्याचा एक फोटो साध्या तिरक्या प्रकाशातही हवाच. सर्वांत सोपे म्हणजे नाणे दिव्याखाली फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या.

१२. ॲपमध्ये फोटो सुधारला तर ती फसवणूक होते का?

कापणे, सरळ करणे आणि हातातल्या नाण्याशी ताडून रंग जुळवणे ठीक आहे. डाग पुसणे, ‘ब्युटी’ किंवा शार्पनेसचे फिल्टर, रंग भडक करणे हे करू नये. काही मोबाईल हे आपोआप करतात. ती सोय बंद ठेवा. डाग असेल तर त्याचा वेगळा, जवळून फोटो द्या. असा विक्रेता गिऱ्हाईक विसरत नाही.

१३. शिवराई, बाझारुको (पोर्तुगीज गोव्यातले अगदी कमी किमतीचे नाणे) अशी हाताने पाडलेली ओबडधोबड नाणी याच पट्टीने मोजायची का?

नाही, निदान जशीच्या तशी नाही. हातोड्याने पाडलेल्या नाण्यात ठसा चकतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीबाहेरच राहतो. ती झीज नव्हे. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते. त्यातली किती अक्षरे चकतीवर उतरली, ठसा मध्यावर बसला का आणि मग झीज किती, अशा तीन नोंदी करा. सगळी अक्षरे पूर्ण असलेली पण झिजलेली शिवराई अर्ध्या अक्षरांच्या टवटवीत शिवराईपेक्षा मला जास्त मोलाची वाटते. बाझारुको तांब्याप्रमाणे कथील-शिशासारख्या मऊ धातूंतही पाडलेले आहेत. त्यांचे कोपरे बोटाच्या दाबानेही वाकतात, म्हणून भिंगाखाली धरतानाही सांभाळा. अशा नाण्यांचा फोटो एकाच, बऱ्यापैकी तिरक्या प्रकाशात काढा. सावल्यांमुळे पुसट अक्षरे वर येतात.

१४. माळेतून किंवा कंबरपट्ट्यातून काढलेल्या नाण्याची ग्रेड काय धरायची?

नाण्याला पूर्वी कडी डाखली असेल तर वरच्या कडेवर डाखाचा खडबडीत डाग किंवा कानशीने घासल्याची जागा असते. झिजेची ग्रेड लिहा आणि पुढे ‘कडी काढलेली’ असे स्पष्ट नोंदवा. कडी अजून जागेवर असेल तर काढायला सोनाराकडे नेऊ नका. आजीच्या माळेतली रुपिया माळेतच शोभते आणि किंमतही तशीच राहते.

१५. राम-सीता आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असलेले नाणे खरे आहे का?

नाही. कंपनीने राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मीचे नाणे कधीच पाडले नाही. हे सगळे नंतर विकायला बनवलेले तुकडे आहेत आणि बाजारात ढिगाने मिळतात. श्रद्धेने देवघरात ठेवायला हरकत नाही. नाणे म्हणून पैसे मोजू नका.

गोवा कदंब राजांच्या गद्याण या सोन्याच्या नाण्यात मात्र फसवणूक सफाईदार असते. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला नागरी मजकूर, सगळे जागेवर. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात आणि कडेवर जोडाची रेघ असते किंवा ती घासून काढल्याची खूण असते. वजन आणि विशिष्ट गुरुत्व (नाणे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड) तपासा. ९१७ कसाच्या चांदीच्या नाण्याचे विशिष्ट गुरुत्व १०.३ च्या आसपास येते. त्याहून बरेच कमी आले तर ती नक्कल समजा. सोन्याचे नाणे जाणकाराला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय घेऊ नका. फोटोवरून तर कधीच नाही.

१६. नाणे परदेशी ग्रेडिंग कंपनीकडून डबीबंद (ग्रेड लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत सील) करून घ्यावे का?

महाग आणि वरच्या ग्रेडच्या नाण्यासाठी विचार करा. साध्या तांब्याच्या नाण्यासाठी खर्चच नाण्यापेक्षा जास्त होतो. पाठवण्याआधी प्रश्न १८ वाचा. डबीबंद नाण्याचा फोटो काढताना प्लास्टिकवर मोबाईलचेच प्रतिबिंब पडते. काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून लेन्स त्यातून बाहेर काढा, प्रतिबिंब जाते.

१७. ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ ही जाहिरात खरी असते का?

नाही. आधी ‘नोंदणी’, ‘कर’ किंवा ‘कमिशन’ म्हणून पैसे मागतात आणि मग गायब होतात. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे प्रकार चालतात, याबद्दल बँकेने स्वतः २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. खरा खरेदीदार तुमच्याकडून आगाऊ पैसे मागत नाही.

१८. भाटात (बागायतीत) खणताना नाणी सापडली तर? आणि लिस्बनच्या चुलतभावाला एखादे पाठवता येईल का?

जमिनीत सापडलेले धन १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली येते. दहा रुपयांहून जास्त मोलाचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मामलेदार कचेरीत जाऊन लेखी द्या आणि पोच घ्या. नाणी धुऊ नका, वेगवेगळी करू नका. जागेसकट फोटो काढा, शेजारी एखादी पट्टी ठेवून.

पाठवण्याबद्दल: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. टपालाने नाही, सामानातून नाही, ग्रेडिंगसाठीही नाही. म्हणजे दों लुईसची आणि दों कार्लुसची सगळी नाणी, तसेच १९१२ ची रुपिया इथेच राहणार. १९३४-३५ नंतरच्या तांगा-रुपियांना अजून शंभर वर्षे झालेली नाहीत. तरी अशी नाणी नेताना साल स्पष्ट वाचता येईल असे दोन्ही बाजूंचे फोटो छापून सोबत ठेवा, आणि शंका असेल तर नाणे पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधीच घ्या.